परीक्षण कशाला, हा प्रश्न ख्यालाला लागू नाही

‘सगळं मोबाइलवर फुकट ऐकायला मिळतं, मग नव्या अल्बमचं परीक्षण कशाला?’ हा मुद्दा चित्रपटगीतांपुरता मान्य. ख्यालाचं, म्हणजे शास्त्रीय रागगायनाचं, तसं नाही. मी इंदूरहून सुटी परीक्षणं लिहितो (मानधनाचं विचारू नका, सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत एका रात्रीत संपतं). प्रकाशनाआधी जी लिंक येते तिच्यात फाइलचं नाव ‘ट्रॅक १ फायनल नवा’. राग नाही, ताल नाही, तबल्यावर कोण तेही नाही. पुढे अ‍ॅपवरही बहुतेक वेळा एकट्या गायकाचंच नाव झळकतं. जुन्या एलपी रेकॉर्डच्या कव्हरच्या पाठीवर निदान साथीदार तरी छापलेले असायचे.

मग ताल ओळखायला त्याच्या मात्रा (ठोके) मोजत बसायचं. १२ भरल्या तर एकताल, १६ आणि ठेका (तबल्याच्या बोलांची ठरलेली रचना) तसा असेल तर ग्वाल्हेर घराण्याच्या गायकांचा लाडका तिलवाडा. १४ मात्रांचा झूमरा निघाला की हा ताल ज्यांचा लाडका, त्या आमच्या इंदूरच्या गायक अमीर खाँसाहेबांची सावली शोधायची, आणि ती बऱ्याचदा सापडतेही. साथीदारांची नावं मात्र कानानं कळत नाहीत, त्यासाठी थेट गायकालाच फोन लावतो. परीक्षणात ती पहिल्या परिच्छेदातच घालतो, कारण संपादकाची कात्री शेवटापासून चालते.