मदत हवी आहे: अमेरिकेत अधिवेशनातले प्रतिनिधी कितपत बांधील असतात?

नमस्कार मंडळी,

मी अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा पक्षाचा उमेदवार ठरवताना आधी प्रायमरी (राज्यात होणारं पक्षांतर्गत मतदान) किंवा कॉकस (त्याऐवजी होणाऱ्या पक्षाच्या स्थानिक सभा), त्यातून डेलिगेट म्हणजे प्रतिनिधी, आणि मग पक्षाच्या अधिवेशनात राज्यवार मतदान, इथपर्यंत मुलांना नीट समजतं. डेमोक्रॅटिक पक्षात किमान १५ टक्के मतं मिळाली की त्या प्रमाणात प्रतिनिधी, रिपब्लिकनांकडे काही राज्यांत पहिला येईल त्याला सगळे, हेही पटतं.

गाडी अडते ती पुढे. २०२४ मध्ये प्रायमरी जिंकल्या बायडन यांनी आणि उमेदवार झाल्या कमला हॅरिस. एका मुलीने थेट विचारलं, "मग लोकांच्या मतांचं काय झालं?" तिला गुळमुळीत उत्तर द्यायचं नाहीये. प्रतिनिधी नेमके कशाने बांधलेले असतात? आणि पहिल्या फेरीत कुणालाच बहुमत नसेल तर? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

ताई, मुलीचा प्रश्न अगदी रास्त आहे. २१ जुलैला बायडन यांनी माघार घेतली आणि त्यांचे प्रतिनिधी मोकळे झाले. ते आपोआप हॅरिस यांच्या खात्यात गेले नाहीत. रिंगणात उतरायला किमान ३०० प्रतिनिधींच्या सह्या हव्या होत्या, त्यातही एका राज्यातून जास्तीत जास्त ५०. ही अट हॅरिस यांनीच पूर्ण केली. ऑगस्टच्या सुरुवातीला ऑनलाइन मतदान उरकलं. शिकागोच्या अधिवेशनातला राज्यवार पुकारा हा सोहळा होता. सामान्य मतदाराला हॅरिस यांच्याबद्दल प्रायमरीत कौल देता आला नाही, हे मुलीला स्पष्ट सांगा.

डेमोक्रॅटिक नियम एवढंच म्हणतो की, ज्यांनी निवडून दिलं त्यांचा कौल प्रतिनिधींनी सद्सद्विवेकाने मतदानात उतरवावा. १९८० साली बंधन कडक होतं. कार्टर यांना आव्हान देणाऱ्या एडवर्ड केनेडी यांच्या गटाने अधिवेशनात ते सैल करायचा प्रयत्न केला, पण हरला आणि उमेदवारी कार्टर यांनाच मिळाली.

बहुमत नसेल तर फेऱ्यांवर फेऱ्या. २०१८ च्या बदलानंतर, निकाल आधीच पक्का नसेल तर डेमोक्रॅटिक सुपरडेलिगेटना (प्रायमरीतून न येणाऱ्या, पदामुळे प्रतिनिधी असलेल्या पक्षनेत्यांना) दुसऱ्या फेरीपासूनच मत आहे. १९२४ मध्ये त्याच पक्षात दोन तृतीयांश मतांची अट होती. मॅकाडू आणि स्मिथ हे दोन मुख्य दावेदार, पण दोघेही हटेनात. शेवटी १०३व्या फेरीत तिसऱ्याच माणसाला, जॉन डेव्हिस यांना, उमेदवारी मिळाली. १९५२ नंतर मात्र दोन्ही मोठ्या पक्षांत दुसऱ्या फेरीची वेळ आलेली नाही.

वर्गात १९६८ जरूर घ्या. डेमोक्रॅटिक पक्षाचे हम्फ्री एकही प्रायमरी न लढता उमेदवार झाले, त्यावरून रान उठलं आणि म्हणूनच १९७२ पासून प्रायमरीला आजचं वजन आलं.