मदत हवी आहे: मामांचा प्रोटॉनचा सिद्धांत तपासतेय, माझे आक्षेप बरोबर आहेत का?

नमस्कार. माझे मामा वसमतला हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांनी प्रोटॉनच्या रचनेवर एक जाड वही भरली आहे. औंढ्याला लायगो वेधशाळा मंजूर झाल्यापासून ती तिथल्या शास्त्रज्ञांना दाखवायचं त्यांनी मनावर घेतलंय. (तिथे काम गुरुत्वीय लहरींचं, कणांचं नाही, हे सांगून झालं.) त्याआधी वही मी तपासावी, ही त्यांचीच इच्छा. मी परभणीला एम.एस्सी. करते.

मामांच्या मते प्रोटॉन म्हणजे ९१९ पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचे धन प्रभाराचे प्रतिकण) आणि ९१८ इलेक्ट्रॉन. प्रभार +१, जुळला. कण १८३७ आणि प्रोटॉनचं वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या १८३६.१५ पट, उरलेलं ०.८५ बंधनऊर्जेत गेलं म्हणतात. कण विषम, त्यामुळे स्पिनही (कणाचा अंगभूत कोनीय संवेग; इलेक्ट्रॉन, पॉझिट्रॉन आणि प्रोटॉन, प्रत्येकाचा अर्धा) अर्धा येऊ शकतो. खरं सांगते, इथवर वाचून मी चकित झाले.

अडलं न्यूट्रॉनपाशी. त्यासाठी मामा आणखी एक इलेक्ट्रॉन घालतात. झाले १८३८, म्हणजे सम. अर्ध्या स्पिनचे सम कण कसेही मांडा, बेरीज पूर्णांकच येणार. कक्षेतल्या फिरण्याचा कोनीय संवेगही पूर्णांकच, तोही मदतीला येत नाही. न्यूट्रॉनचा स्पिन तर अर्धा आहे. न्यूट्रॉन सापडायच्या आधी, म्हणजे १९३२ पूर्वी, केंद्रकात प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन असतात असं मानत. तेव्हा नायट्रोजननं हीच अडचण केली होती. १४ प्रोटॉन, ७ इलेक्ट्रॉन, एकूण २१, म्हणजे विषम, आणि मोजलेला स्पिन मात्र पूर्णांक, १.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन भेटले की नष्ट होऊन गॅमा किरण निघतात. मग मामांच्या प्रोटॉनमधल्या ९१८ जोड्या का टिकतात? एक पॉझिट्रॉन आणि गॅमा किरण उरले तरी प्रभार, ऊर्जा, स्पिन सगळं जुळतं. लेप्टॉन संख्यासुद्धा (इलेक्ट्रॉनला +१, पॉझिट्रॉनला −१ धरून केलेली मोजणी): आधी ९१८ वजा ९१९, नंतरही उणे १. प्रोटॉनला फुटण्यापासून अडवणारी बेरिऑन संख्या (प्रोटॉन-न्यूट्रॉनसारख्या कणांची मोजणी, जी कायम राहते असं मानतात) या मांडणीत कुठेच नाही. जपानच्या सुपर-कामिओकांडे या भूमिगत प्रयोगात ५०,००० टन पाण्यावर वर्षानुवर्षं पाळत ठेवूनही प्रोटॉन फुटताना दिसलेला नाही; पॉझिट्रॉन देणाऱ्या क्षयासाठी आयुष्याची खालची मर्यादा १०³⁴ वर्षांच्या वर गेली आहे.

तिसऱ्या आक्षेपाबद्दल माझीच खात्री नाही. न्यूट्रॉनचं वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या १८३८.६८ पट आहे, म्हणजे १८३८ सुट्या कणांहून जड. बांधलेली वस्तू सुट्या भागांपेक्षा हलकी हवी, असं लिहिणार होते. पण आजच्या मान्य सिद्धांतात प्रोटॉन ज्यांचा बनतो त्या क्वार्कांची स्वतःची वस्तुमानं मिळून प्रोटॉनच्या जेमतेम एक टक्का भरतात, तिथे आपण हा आक्षेप घेत नाही. क्वार्क सुटे होऊच शकत नाहीत, इलेक्ट्रॉन होतो, एवढा फरक पुरेसा आहे का? की हा मुद्दा गाळू?

आणि स्पिनच्या आक्षेपातून सुटायची एखादी वाट माझ्या नजरेतून निसटली असेल तर तीही सांगा. मामांनीच मला ऋण संख्या शिकवल्या. त्यांच्यासमोर अर्धवट हिशेब ठेवायचा नाही. दसऱ्याला वसमतला जायचंय, त्याआधी जाणकारांनी लिहावं ही विनंती.