चालता-बोलता झाला म्हणजे सुटलो?

वर कुणीतरी लिहिलंय की डोक्याला मार लागलेला माणूस चालता-बोलता झाला की घरच्यांचा घोर संपतो. कशाचा संपतो! आमचे दाजी आर्मीतले माजी हवालदार, डोक्याला मार लागून बारा वर्षं झाली. आर्मी नंबर घडाघडा सांगतात, पण विहिरीवरची मोटार चालू करून विसरतात, दोनदा जळाली. गॅसचा रेग्युलेटर अक्का रात्री काढून उशाखाली ठेवते.

एक गोष्ट इथं कुणी बोललं नाही. अपंगत्व 100 टक्के असेल आन् मेडिकल बोर्डानं (तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळानं) शिफारस केली, तर पेन्शनसोबत कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स, म्हणजे सतत सोबत माणूस लागतो त्याचा भत्ता, मिळतो. पण बोर्डापुढं दहा मिनिटं दाजी एकदम शहाण्यासारखे बोलतात (तेवढं बरं जमतं!). म्हणून बोर्डाला दाखवायला अक्कानं घोळांची तारीखवार वही ठेवलीय. अर्जाचं परभणीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.