अनुभव धागा : पिक्सेल चित्रे काढण्यासाठी आणि ती हलवण्यासाठी परवडणारे सॉफ्टवेअर तुम्ही कसे निवडले?

धागाकर्ता, दारव्हा तालुका (शाळेत संगणक शिकवतो)

यंदा तान्ह्या पोळ्याला आमच्या शाळेतल्या मुलांनी लाकडी नंदी तर सजवलेच, शिवाय संगणकावर चौकोन भरून भरून बैलही काढले. सातवीतल्या एकाने विचारले, "सर, हा चालत काऊन नाही?" पेंटमध्ये बैल काढता येतो, पण चालवता येत नाही, हे मला त्याला सांगावे लागले. त्यानंतर शोधाशोध केली, तेव्हा नावांचीच गर्दी दिसली. म्हणून आपल्या भागातल्या, आपल्यासारखी यंत्रे वापरणाऱ्या मंडळींना विनंती करतो, की तुम्ही काय निवडले, कोणत्या यंत्रावर चालवले, किती पैसे लागले आणि कुठे अडले, ते लिहावे. स्वतः वापरलेल्याच सॉफ्टवेअरबद्दल लिहावे, ऐकीव नको.

वरुड तालुका, संत्र्याची बाग सांभाळून गेम करणारा

मी शंकरपटावर एक छोटा गेम करतो आहे, त्यामुळे माझा सगळा अनुभव बैलजोडीभोवतीच फिरतो. सुरुवात गिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरने केली, कारण ते फुकट आहे आणि आधीपासून लॅपटॉपवर होते. त्यात ब्रश न घेता पेन्सिल घ्यायची, जाडी एक पिक्सेल (चित्रातला एक चौकोन) ठेवायची आणि चित्र मोठे करताना इंटरपोलेशन, म्हणजे शेजारचे रंग मिसळणे, पूर्ण बंद करायचे, एवढे पथ्य पाळले की चित्र स्वच्छ निघते. खरी अडचण हालचालीत आली. गिंपमध्ये प्रत्येक थर म्हणजे एक फ्रेम (हालचालीतले एक चित्र), आणि ती किती वेळ दिसावी हे थराच्या नावातच कंसात मिलिसेकंदांत लिहावे लागते. आठ फ्रेम काढून झाल्यावर वशिंड दोन पिक्सेल पुढे सरकले आहे असे लक्षात आले आणि तीच दुरुस्ती मला आठ ठिकाणी करावी लागली. ती करताना एका फ्रेममध्ये शेपूट पुसली गेली, आणि पळणारा बैल दर सेकंदाला एकदा बिनशेपटीचा होऊ लागला.

त्यानंतर मी खास पिक्सेल चित्रांसाठीचे एसप्राइट घेतले. त्यांच्या संकेतस्थळावर किंमत १९.९९ डॉलर होती, म्हणजे युरियाच्या जवळपास सहा गोण्यांचे पैसे, पण ते एकदाच द्यायचे असतात, दर महिन्याला नाही. माझ्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद असल्याने तीनदा पैसे भरण्याचा प्रयत्न फसला, ते सुरू करून घ्यायला बँकेत एक सकाळ गेली. नंतर समजले की हेच सॉफ्टवेअर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातही मिळते आणि तिथे यूपीआय चालते, तेव्हा ज्यांच्याकडे तसे कार्ड नाही त्यांनी तो रस्ता धरावा. पैसे वसूल झाले ते लिंक्ड सेल या एका सोयीमुळे. धड एकदाच काढायचे, ते सगळ्या फ्रेममध्ये जोडून ठेवायचे आणि पायांचा थर तेवढा वेगळा बदलायचा; मग वशिंड एका जागी दुरुस्त केले की सगळीकडे दुरुस्त होते. शेवटी सगळ्या फ्रेम एकाच पीएनजी चित्राच्या पट्टीत निघतात, आणि कोणती फ्रेम कुठे आहे, किती मिलिसेकंदांची आहे, याची जेसन (JSON) ही मजकुराची फाइल सोबत मिळते. गेममध्ये मला तीच लागते.

लाखनी तालुका, प्राथमिक शिक्षिका

वरच्या दादांनी ज्या सोयीसाठी पैसे मोजले, ती पिक्सेलोरामा या सॉफ्टवेअरमध्ये फुकट आहे, एवढे आधी नोंदवते. ते गोडो या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर (गेम इंजिनवर) बनलेले आहे, एमआयटी परवान्याखाली मुक्त आहे, म्हणजे कोणीही वापरावे आणि वाटावे, आणि विंडोज व लिनक्स दोन्हींवर चालते. थर, फ्रेमची पट्टी, मागच्या-पुढच्या फ्रेमची फिकट सावली दाखवणारे ऑनियन स्किन, एकच चौकट शेजारी-शेजारी मांडून (टाइल) जुळते का ते पाहण्याची सोय, हे सगळे त्यात आहे. माझ्या दहा वर्षांच्या लॅपटॉपच्या ग्राफिक्सला मात्र नवी आवृत्ती पेलली नाही, खिडकी उघडून काळीच राहिली. मग मी मुद्दाम जुनी आवृत्ती उतरवून घेतली आणि ती व्यवस्थित चालली. तेव्हा जुने यंत्र असेल तर "चालत नाही" असे म्हणून सोडून देण्याआधी जुनी आवृत्ती बघावी.

मी मुलांसाठी धानाच्या रोवणीची छोटी चित्रफीत केली: वाकलेली बाई, हातात पेंढी, रोप चिखलात खोचणे आणि एक पाऊल मागे. आकार ३२ गुणिले ३२, सहा फ्रेम. सहाही फ्रेमना सारखाच वेळ दिला तेव्हा ती बाई यंत्रासारखी दिसत होती. रोप खोचण्याच्या फ्रेमला २०० मिलिसेकंद आणि बाकीच्यांना ९० दिल्यावर तिच्या कमरेत जीव आला. म्हणून निवडताना मी एकच गोष्ट तपासायला सांगेन, ती म्हणजे प्रत्येक फ्रेमला वेगळा वेळ देता येतो का.

कुरखेडा तालुका, बारावीनंतर घरी अभ्यास करणारी

मी पिस्केल वापरले, कारण आमच्या घरी लॅपटॉप भावाचा आहे आणि त्यात काही बसवायचे नाही अशी त्याची अट होती. पिस्केल ब्राउझरमध्येच चालते, खाते काढावे लागत नाही, आणि एकदा पान उघडले की पुढे फारसा डेटा जात नाही. झाडीपट्टीच्या नाटकातला पेटीवाला काढला होता, बारा फ्रेमचा, भात्याची उघडझाप आणि बोटे वेगवेगळी. चूक माझी झाली. ते काम मी ब्राउझरमध्येच जतन करत राहिले, आणि भावाने एका संध्याकाळी ब्राउझरचा सगळा साठा साफ केला. पेटीवाला गेला. आता मी उठण्याआधी दर वेळी त्याची मूळ फाइल उतरवून घेते आणि पेनड्राइव्हवर ठेवते. डेस्कटॉपवर बसवायची आवृत्तीही मिळते हे मला नंतर कळले. मोठ्या कामाला हे पुरणार नाही, पण एक पात्र, एक हालचाल एवढ्यासाठी मी अजून तिथेच जाते.

पुसद, अभियांत्रिकीचा विद्यार्थी

एसप्राइटबद्दल एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते, ती सांगतो. त्याचा स्रोत-संकेत (सोर्स कोड) खुला ठेवलेला आहे, आणि स्वतःच्या वापरासाठी तो स्वतः कंपाइल करून घेणे, म्हणजे त्यापासून चालणारे सॉफ्टवेअर बनवणे, परवान्यात बसते, म्हणजे पैसे लागत नाहीत. मी तसे केले. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओ, सीमेक, निंजा ही बांधणीची साधने आणि स्किया या चित्रे काढणाऱ्या कोड-लायब्ररीची तयार फाइल, एवढा पसारा उतरवावा लागला. त्यात काही जीबी डेटा गेला, आणि दोनदा अर्ध्यात वीज गेल्यामुळे प्रत्यक्षात तीन रात्री गेल्या. पैसे वाचले, पण डेटा आणि झोप हिशेबात धरली तर फुकट म्हणणे कठीण आहे. शिकायला मात्र भरपूर मिळाले.

यात एक अट महत्त्वाची आहे. अशी बनवलेली प्रत दुसऱ्याला वाटता येत नाही. मित्र पेनड्राइव्ह घेऊन आला तेव्हा मी नकार दिला आणि त्याला लिब्रेस्प्राइट हे फुकट सॉफ्टवेअर दिले. एसप्राइटचा परवाना २०१६ साली बदलला, त्याआधीच्या मुक्त आवृत्तीवरून ते पुढे वाढवलेले आहे. नव्या सोयी त्यात कमी आहेत, पण थर, फ्रेम आणि ऑनियन स्किन आहेत आणि वाटायला पूर्ण मोकळीक आहे. आमच्याकडच्या एका दुकानात "सगळी महागडी सॉफ्टवेअरं शंभर रुपयांत" टाकून मिळतात. तिथून आणलेल्या प्रतीसोबत माझ्या खोलीतल्या सोबत्याच्या यंत्रात व्हायरस आला आणि त्याचा प्रकल्प अहवाल गेला. शंभर रुपयांत काय काय येते ते त्याला विचारावे.

दर्यापूर तालुका

माझ्याकडे फक्त फोन आहे. पिक्सेल स्टुडिओ वापरतो, फुकट आहे, जाहिराती येतात. बोटाखाली नेमका पिक्सेल झाकला जातो, म्हणून १६ गुणिले १६ च्या वर जात नाही. कापूस वेचणारा माणूस, चार फ्रेम, दुपारी बांधावर बसून केला. तेवढे जमते.

हिंगणघाट, छपाईच्या दुकानात डिझाइन करणारा

मासिक वर्गणीचे सॉफ्टवेअर कामापुरते दुकानात आहेच, पण घरी मी कृता हे रंगकामाचे सॉफ्टवेअर वापरतो. ते फुकट आहे, आणि त्यात फ्रेमची पट्टी व ऑनियन स्किन दोन्ही आहेत. मात्र ते रंगाऱ्यासाठी घडवलेले आहे; ब्रशच्या कडा मऊ होऊ नयेत म्हणून पिक्सेल ब्रश निवडून ठेवावा लागतो, आणि चार जीबी रॅमवर ते जड जाते. ज्यांना फक्त विंडोज आणि हलके काहीतरी हवे आहे, त्यांनी ग्राफिक्सगेल हे पिक्सेल चित्रांचे सॉफ्टवेअरही बघावे. ते आधी विकत घ्यावे लागे, २०१७ पासून फुकट आहे. दिसायला जुनाट आहे, पण जुन्या यंत्रावर पाण्यासारखे चालते.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. शाळेत सहा यंत्रे आहेत, त्यांपैकी दोनच बऱ्यापैकी नवी आहेत. म्हणून चार जुन्यांवर लिब्रेस्प्राइट आणि दोन नव्यांवर पिक्सेलोरामा असे ठरवले. पहिला बैल काल चालला. घरी फोनवर आईला दाखवला, तर ती म्हणाली, "बाप्पा, हा बैल होय का घोडा? दोन्हीकडचे पाय संगंच उचलते." तिचे बरोबर होते. मी समोरच्या कोपऱ्यातला आणि मागच्या विरुद्ध कोपऱ्यातला पाय एकत्र उचलला होता, ती दुडकी चाल झाली. वरुडच्या दादांनी चालत्या बैलाच्या पायांचा क्रम सांगावा.

वरुड तालुका

मागचा डावा, मग पुढचा डावा, मग मागचा उजवा, मग पुढचा उजवा. आठ फ्रेम घ्या, प्रत्येक पाय आधीच्यापेक्षा दोन फ्रेम उशिरा उचला. मान मात्र एकच पिक्सेल खाली-वर होऊ द्या, जास्त केले की बैल होकार देत चालल्यासारखा दिसतो. आणि फोनवर पाठवाल तेव्हा जीआयएफ (हलत्या चित्राची फाइल) डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसती पाठवली की तिचा व्हिडिओ होतो आणि कडा फुटतात. आईंनी तशीच पाहिली असेल, तर पाय निम्मेच दिसले असतील.