मदत हवी आहे: राज्य फार्मसी कौन्सिलवर शासननियुक्त सदस्य म्हणून एखाद्याचे नाव कसे सुचवावे?

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात गेली १४ वर्षे स्वतःचे मेडिकल दुकान चालवते आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. आमच्या भागातील आम्ही नऊ जण मिळून एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे नाव महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलसाठी (फार्मासिस्टांची नोंदणी करणारी राज्याची संस्था) शासनाकडे पाठवू इच्छितो. ते ग्रामीण रुग्णालयातून औषधनिर्माण अधिकारी म्हणून निवृत्त झाले असून त्यांनी डी. फार्म. (फार्मसीची पदविका) केले आहे.

यामागचे कारण सांगणे मला आवश्यक वाटते. मागील महिन्यात शेजारच्या एका गावातील दुकानातून आणलेल्या गोळ्या एका आजींनी मला दाखवल्या. पट्टी कात्रीने अशी कापली होती की मुदत संपण्याची तारीख नेमकी दुकानातच राहिली होती. त्या दुकानाच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत ज्यांचे प्रमाणपत्र लावले आहे, ते गृहस्थ गावकऱ्यांनी कधी पाहिलेलेही नाहीत. फार्मसी ॲक्ट, १९४८ च्या कलम ४२ प्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. प्रमाणपत्र भाड्याने देण्याचा हा प्रकार ज्यांनी खेड्यात राहून पाहिला आहे, अशी एक तरी व्यक्ती कौन्सिलच्या बैठकीत असावी, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

कौन्सिलच्या रचनेबद्दलचे याच कायद्यातील कलम १९ मी वाचले आहे. नोंदणीकृत फार्मासिस्टनी आपल्यातून निवडलेले सहा सदस्य, राज्य शासनाने नेमलेले पाच, वैद्यक परिषदेच्या सदस्यांनी आपल्यातून पाठवलेला एक आणि तीन पदसिद्ध अधिकारी, एवढे समजले. सहा जागांसाठी राज्यभर प्रचार करणे आमच्या आवाक्यातले नाही. म्हणून उरलेल्या पाच जागांकडे आम्ही पाहत आहोत. परंतु या जागांसाठी अर्ज करायचा असतो का, केमिस्ट संघटनेची शिफारस लागते का, आणि आमच्या या ज्येष्ठ सरांच्या नोंदणीचे रिन्यूअल निवृत्तीनंतर दोन वर्षे राहून गेले आहे, त्याची अडचण येईल का, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद (मिरजेहून)

ताई, मी फार्मसी महाविद्यालयात शिकवतो. आपण शेवटी विचारलेल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण ते काम आजच करण्यासारखे आहे. शासननियुक्त पाच जणांपैकी किमान तिघांकडे फार्मसीची विहित पदवी किंवा पदविका असावी अथवा ते नोंदणीकृत फार्मासिस्ट असावेत, असे कायदा म्हणतो. त्यामुळे केवळ रिन्यूअल राहिले म्हणून सरांचा मार्ग शब्दशः बंद होत नाही. तथापि कलम ३४ प्रमाणे नूतनीकरण शुल्क न भरल्यास नोंदवहीतून नाव काढले जाते आणि मग सहा जागांच्या निवडणुकीत मतही देता येत नाही. त्यांनी आधी नाव पूर्ववत करून घ्यावे. ज्यांचे स्वतःचेच नाव नोंदवहीत नाही, त्यांनी भाड्याच्या प्रमाणपत्रांविरुद्ध बोलणे शोभणार नाही.

कलम १९ मध्ये अर्जाचा किंवा संघटनेच्या शिफारशीचा उल्लेख नाही. केमिस्ट संघटना ही व्यापाऱ्यांची संस्था आहे आणि कौन्सिल ही कायद्याने स्थापन झालेली संस्था आहे. अनेक जण दोन्हींची गल्लत करतात. नियुक्ती शासन करते, म्हणून पत्र कौन्सिलच्या रजिस्ट्रारांना न पाठवता मंत्रालयातील वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभागाला पाठवावे. सदस्याची मुदत पाच वर्षे किंवा त्याच्या जागी दुसरा येईपर्यंत, यांपैकी जी अधिक असेल ती असते. सबळ कारणाशिवाय सलग तीन बैठकांना गैरहजर राहिलेल्या सदस्याची जागाही रिकामी होते, मात्र तेथे येणाऱ्यास उरलेलीच मुदत मिळते. म्हणून आधी विद्यमान नियुक्त्यांच्या तारखा माहितीच्या अधिकारात मागवा. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, आणि मागील नियुक्त्यांच्या नस्तीची (फाइलची) प्रतही त्यातच मागा. नावे कोठून आली आणि कोणत्या निकषांवर विचारात घेतली, हे त्या नस्तीवरून कळू शकेल. नियुक्त सदस्य दुय्यम असतो, असेही समजू नका. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष सदस्य आपल्यातूनच निवडतात.

मूळ धागाकर्ती

सर, मनःपूर्वक आभार. आम्ही पत्र कौन्सिलच्याच पत्त्यावर पाठवणार होतो. लिफाफ्यावर पत्ताही लिहून झाला होता. नाव पूर्ववत करण्यासाठी आमच्या ज्येष्ठ सरांची कागदपत्रे आज संध्याकाळी दुकान बंद केल्यावर एकत्र करत आहोत, आणि माहितीचा अर्ज सोमवारी जतच्या पोस्टातून स्पीड पोस्टने जाईल. एकच शंका उरली आहे: आमच्या पत्रासोबत नऊही जणांच्या नोंदणी क्रमांकांसह सह्या जोडाव्यात, की सरांचा अनुभव आणि त्यांची लेखी संमती एवढेच पुरेसे होईल? ज्यांनी असे पत्र विभागाला पाठवले आहे, त्यांनी त्याचा मसुदा येथे दिल्यास फार मदत होईल.