समुपदेशकाची पदवी कशी तपासायची?

परळकर: धाकटा भाऊ बावीस वर्षांचा. सीएचा निकाल लागल्यापासून खोलीबाहेर येत नाही, रात्रभर जागा असतो, जेवणाचं ताट तसंच परत येतं. घराजवळ एका 'माइंड कोच'ची पाटी आहे. भिंतीवर प्रमाणपत्रं भरपूर, पण विद्यापीठाचं नाव एकावरही नाही. वर दहा सेशनचे पैसे आधीच भरा म्हणतात. आई भरायला निघालीय. काय करू?

मुलुंडची ताई: पैसे भरू नका. मी कॉलेजात समुपदेशक आहे. आपल्याकडे सगळ्या समुपदेशकांना लागू असा एकच परवाना नाही, म्हणून पाटी कुणीही लावतं. आरोग्य क्षेत्रातल्या इतर व्यावसायिकांसाठीच्या २०२१च्या कायद्यात समुपदेशक आलेत खरे, पण ती घडी अजून बसायचीय. तोवर सरळ विचारायचं: मानसशास्त्रात एम.ए. कुठून केलं? कुणाच्या देखरेखीखाली काम शिकलात? मला कुणी विचारलं तर मला बरंच वाटतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक मागा. समुपदेशक गोळ्या लिहून देत असेल तर तिथून उठाच, ते काम सायकियाट्रिस्टचं. तुमच्या भावाची झोप आणि भूक दोन्ही गेलीय, म्हणून आधी सायकियाट्रिस्टला दाखवा. समुपदेशन सोबत चालू राहील.

दादरकर: केईएमची ओपीडी आहे ना जवळ. बहिणीला तिथेच नेतो. केसपेपरला सकाळी लवकर जा, रांग असते. तोवर १४४१६ लावा, टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन. फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

परळकर: उद्याच नेतो. तो आत काय बोलला ते आम्हाला सांगतील ना? आईचा जीव टांगणीला लागलाय.

मुलुंडची ताई: नाही सांगणार, आणि सांगूही नये. तो सज्ञान आहे, २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याला गोपनीयतेचा हक्क दिलाय. त्याच्या परवानगीशिवाय, जिवाला धोका दिसला तरच घरच्यांना कळवतात, आणि चांगला समुपदेशक हे पहिल्याच भेटीत त्याच्यासमोर सांगून टाकतो. तो बाहेर आला की आईंनी 'काय बोललास?' विचारू नये, 'काही खातोस का?' विचारावं. एक मात्र तुम्ही आज रात्रीच विचारा: जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. 'हो' म्हणाला तर सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका, त्याला एकटं सोडू नका, तसंच कॅज्युअल्टीत घेऊन जा.