अमेरिकेतून आलेल्या जुन्या जपानी कपबश्या: तळाच्या शिक्क्यावरून काय कळतं?

स्मिता_गंगापूररोड
माझी मावशी बरीच वर्षं ओहायोत होती. तिथल्या गराज सेलमधून तिने एकेक करून जपानी कपबश्या जमवल्या आणि नाशिकला कायमची परतली तेव्हा जुन्या सुती साड्यांत गुंडाळून आणल्या. आता त्या माझ्याकडे आहेत. एकीच्या तळाला हिरवी पानांची माळ, मध्ये ‘एम’ आणि खाली ‘निप्पॉन’. दुसरीवर लाल अक्षरांत ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’. तिसरी आतून नारिंगी, मोत्यासारखी चमकते, तिच्यावर नुसतं ‘जपान’. चौथ्या कपावर उठावाचा राखाडी ड्रॅगन आहे, शिक्का नाही, फक्त सोनेरी कागदाचा फाटका तुकडा. भांडीबाजारात एकाने हातात न घेताच ‘याला किंमत नाही’ म्हणून सांगितलं. मला विकायच्या नाहीतच. पण या किती जुन्या? आणि पुढे जमवायच्या तर बघायचं काय?

देवळालीकर
स्मिताताई, मावशींची नजर चांगली होती. अमेरिकेने 1890 च्या कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं, म्हणून हे शिक्के आले. सुरुवातीला ‘निप्पॉन’ हे जपानचं जपानी नाव चालायचं. 1921 मध्ये तिथल्या कस्टम्सने इंग्रजी नावच हवं असं ठरवलं आणि ‘जपान’ सुरू झालं. म्हणजे तुमची पहिली कपबशी साधारण शंभरी ओलांडलेली. ‘एम’ मोरिमुरा बंधूंचा. त्यांनी 1876 मध्ये न्यूयॉर्कला दुकान थाटलं आणि 1904 मध्ये नागोयाजवळ नोरिताके गावी कारखाना काढला. पुढे नोरिताकेचा अझेलिया फुलांचा सेट बफेलोची लार्किन ही साबणाची कंपनी खरेदीवर भेट म्हणून द्यायची. साध्या अमेरिकन घरांत जपानी चिनीमाती पोचली ती अशी.

‘ऑक्युपाइड’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यात असलेला जपान. या शिक्क्याचा काळ छोटा: 1947 ते 1952. त्यामुळे विकणारे तो शब्द बघून भाव चढवतात. मला ते पटत नाही. त्या वर्षांतल्या सगळ्या मालावर तो शब्द नसायचाच, आणि ज्यावर आहे त्यात घाईघाईने रंगवलेला मालही पुष्कळ आहे. शिक्का फक्त काळ सांगतो. कप चांगला की नाही ते कुंचला सांगतो. भिंग घेऊन पाकळी बघा. छापील चित्रात बारीक ठिपके दिसतात. हाताच्या कामात रंग एका टोकाला दाट आणि सुटताना पातळ होत जातो. माझ्याकडच्या एका निप्पॉन कपावर गुलाबाच्या देठाशी कारागिराने कुंचला जरा जास्त टेकवलाय, तिथे हिरवा थेंब साचलाय. तो थेंब मला सगळ्या सोन्याच्या नक्षीपेक्षा प्रिय आहे.

विकत घेताना कानाच्या सांध्यावरून नख फिरवा आणि काठावर हलकेच टिचकी मारा. अखंड कप खणकन वाजतो, तडा असेल तर आवाज बसका येतो. निप्पॉनचे नकली शिक्के मारलेला नवा मालही बाजारात आहे. तो बहुतेक वेळा जाड आणि जड असतो.

ड्रॅगनचा कप रिकामा करून दिव्यासमोर धरा आणि आत तळाशी बघा. मग लिहा.

मातीकाम_सातपूर
वापराबद्दल सांगतो. जुन्या रंगांत, विशेषतः झिलईवर काढलेल्या नक्षीत, शिसं असू शकतं. रोजचा चहा नको, लिंबाचा तर नकोच. सोनेरी काठाचा कप मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. धुताना कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं. घासणी लावली की नारिंगी चमक आणि सोनं दोन्ही जातात. कप एकात एक रचू नका, कान निखळतो.

स्मिता_गंगापूररोड
देवळालीकर, तळाशी बाईचा चेहरा आहे! अंबाडा, मान, सगळं दिसतं. दिवा बाजूला केला की पांढरा तळ. आईला हाक मारून दाखवलं. हे रंगवलंय का?

देवळालीकर
रंग अजिबात नाही. याला लिथोफेन म्हणतात. साच्यातच तळाची जाडी कमी-जास्त ठेवतात. पातळ जागेतून उजेड येतो, जाड जागा सावली होते. चेहरा गैशाचा, म्हणजे नाचगाण्याने पाहुण्यांचं मन रमवणाऱ्या जपानी कलावंतिणीचा. ड्रॅगनची उठावाची नक्षी म्हणजे मोरियागे, पातळ मातीच्या रेघांनी काढलेली. असे सेट अमेरिकन सैनिक घरी आठवण म्हणून नेत.

तो सोनेरी तुकडा मात्र काढू नका, भिजवूही नका. अमेरिकेतले आयातदार आपल्या नावाचे कागदी लेबल लावायचे, लेफ्टन, नॅपको वगैरे. अर्धं अक्षर वाचता आलं तरी शोध लागतो. कडेने उजेड टाकून फोटो काढा आणि इथे टाका.